चढायचं शिकले, उतरायचं राहिलं

साताऱ्याच्या घरी खिडकी उघडली की समोर अजिंक्यतारा दिसायचा. गेली अकरा वर्षं मी लखनौत, महानगर नावाच्या भागात राहते आणि इथल्या खिडकीतून समोरच्यांची पाण्याची टाकी दिसते. सपाट म्हणजे किती सपाट असावं एखाद्या गावानं! डोंगराच्या आठवणीनं जीव कासावीस व्हायचा. शेवटी सत्तेचाळिसाव्या वर्षी ठरवलं, एकदा तरी हिमालयातल्या बर्फाच्या शिखरावर उभं राहायचं.

"मम्मी, पहले सीढ़ियाँ तो चढ़ लो," लेक म्हणाली. ती मराठी ऐकते आणि टोमणे हिंदीत मारते.

मग जिनेच चढले. सकाळी गोमतीकाठी तासभर पळायचं, पण बोलता येईल इतक्याच वेगानं. आठवड्यातून दोन दिवस उठाबशा. आणि संध्याकाळी हज़रतगंजमधल्या आमच्या नऊ मजली ऑफिसचे जिने, पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन. सुरुवात पाच किलोंनी, चौथ्या महिन्यात पंधरा. वर पोचल्यावर पाणी ओतून रिकाम्या पाठीनं उतरलं की गुडघे वाचतात, असं एका व्हिडिओत पाहिलं होतं. मी पाणी गच्चीवरच्या मोगऱ्याला घालायचे आणि त्यावर कडी म्हणून खाली यायचे लिफ्टनं! लिफ्टवाले मिश्राजी दार धरून उभेच असायचे.

"आइए मैडम, आज कितने पहाड़ हुए?"

"पाँच!"

मोगरा त्या वर्षी बेफाम फुलला.

जूनमध्ये लखनौच्या चारबाग स्टेशनवरून डेहराडूनची गाडी धरली. तिकीट आधीच काढून ठेवा, सुट्ट्यांत मिळत नाही. पुढे उत्तरकाशीपर्यंत शेअर जीप, सहा-सात तासांचं वळणावळणाचं प्रकरण, म्हणून पुढची सीट मागून घ्या. वाटेतल्या ढाब्यावर राजमा-चावल सोडू नका. एका वळणावर अचानक बर्फाचं टोक दिसलं आणि मला रडूच आलं. शेजारच्या बाईंना वाटलं गाडी लागली. त्यांनी आवळ्याची गोळी दिली.

तिथून लीडर धरून आम्ही पाच जण बेस कॅम्पला दोन दिवस चालून पोचलो. तिसऱ्या दिवशी सामान वरच्या कॅम्पवर ठेवून परत खाली झोपायला यायचं होतं. अशानं विरळ हवेची सवय होते. चढताना मी सगळ्यांच्या पुढे! दम नाही, डोकेदुखी नाही. मनातल्या मनात शिखरावर फोटोही काढून झाला.

आणि मग उतार आला. अर्ध्या तासात मांड्या लटलटायला लागल्या. पाठ रिकामी, तरी दगडावर पाय ठेवला की गुडघा आपोआप मुडपायचा. दोनदा बसले, तिसऱ्यांदा पडले. बाकीचे दोन तासांत उतरले, मला साडेपाच लागले. उतरण्याचा सराव मी चार महिने मिश्राजींकडे सोपवला होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

आमचे लीडर बिष्टजी चहा घेऊन शेजारी बसले. "दीदी, चढ़ाई आपकी फ़र्स्ट क्लास है. ऊपर तो ले जाऊँ, पर नीचे कौन लाएगा?"

मी खूप विनवलं. ते नाहीच म्हणाले, आणि बरोबरच म्हणाले.

शिखराच्या दिवशी मी बेस कॅम्पला उन्हात बसून दुर्बिणीतून चार ठिपके वर सरकताना पाहत होते. पाचवा ठिपका माझा असायला हवा होता. इतकं हवंसं वाटलेलं काही इतक्या जवळ असून इतकं लांब कधीच नव्हतं.

चारबागला लेक घ्यायला आली होती. माझा चेहरा बघून तिनं हातातली बॅग घेतली आणि चक्क मराठीत म्हणाली, "चल आई, घरी."

तुम्ही तयारी करत असाल तर एवढं ऐका: जितके जिने चढाल, तितकेच हळूहळू उतरा, आधी अगदी थोड्या वजनानं, मग ते बेतानं वाढवत.

पुढच्या सोमवारी पाच किलो घेऊन नऊ मजले चढले. मिश्राजींनी दार धरलं.

"आइए मैडम."

"नहीं मिश्राजी, अब पैदल."

पाणी ओतलं नाही. कठड्याला हात न लावता एकेक पायरी उतरायला लागले. पाचव्या मजल्यावर मांड्या थरथरायला लागल्या, अगदी डोंगरातल्या त्या उतारावर थरथरल्या तशा. मी जिन्यात क्षणभर थांबले, डोळे मिटले आणि ती थरथर संपूच नये असं वाटलं.