दांडा आडवा धरायचा

मला खारघरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लॅबच्या सरांनीच लावलं, हे आधी सांगते. आठवीत शाळा सुटलेली बाई, हिंगोलीकडून आलेली, इथे ओळखीचं कुत्रंही नाही. सरांनी ठेकेदाराला शब्द टाकला आणि मी कंट्रोल लॅबमध्ये साफसफाईला लागले. उपकार आहेतच. म्हणून तर त्या दिवशी तोंड उघडेना.

लॅबमध्ये टेबलावर एक दांडा आहे, दोन टोकांना दोन पंखे. एक दांडा उचलतो, दुसरा वळवतो, आणि एकाला छेडलं की दुसराही बिथरतो, जावा-जावांसारखं. सरांचा पीएचडीचा विद्यार्थी दांडा हवेत स्थिर ठेवणारा कंट्रोलर, म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोग्राम, बनवत होता. दांड्याचा वेग मोजायला काही नाही. कोनावरून कॉम्प्युटरच तो ताडतो, त्याला ऑब्झर्व्हर म्हणतात. पण स्विच टाकताना दांडा ज्या कोनात असेल, तोच कॉम्प्युटर शून्य धरतो. म्हणून विद्यार्थी दरवेळी म्हणायचा, "मावशी, धरा," आणि मी दांडा हाताने आडवा धरायची. तीन वर्षं. लिहिलेलं कुठेच नव्हतं.

त्या दिवशी मी खुर्च्या आणायला खाली गेले. त्याने मान टाकलेल्या दांड्यावरच स्विच टाकला. परत आले तर दांडा टेबलावर आपटून पंख्याचं पातं मोडलेलं.

"पुसताना काय हलवलंत?" सर येताच माझ्यावर ओरडले.

"काही नाही, सर."

"मग भुतानं मोडलं? आठवी पास बाई लॅबमध्ये घेतली, माझीच अक्कल शेण खायला गेली होती!"

विद्यार्थी स्क्रीनकडे बघत राहिला. बाहेर गाठला तर म्हणतो, "मावशी, माझी थीसिस अडकेल. समजून घ्या ना."

"आणि माझी नोकरी?"

तो लॅबमध्ये निघून गेला.

सरांनी ठेकेदाराला पत्र लिहिलं, बाई बदला. आणि माझ्याच हातात दिलं. "जाताना देऊन जा."

दुपारी नवं पातं बसलं. आता स्विचवर सरांचं बोट. दांडा पुन्हा तसाच लोंबलेला. मोडू दे, असं मनात आलं. खरंच आलं. पण तेही माझ्याच नावावर गेलं असतं.

"सर, थांबा. आडवा धरल्याशिवाय टाकू नका."

"आता तुम्ही मला कंट्रोल शिकवणार?"

मी पुढे होऊन दांडा धरला. "टाका." स्क्रीनवर शून्य आलं तसा हात काढला. दांडा जरा वर उठला आणि जागच्या जागी थांबला.

सरांनी विद्यार्थ्याकडे पाहिलं. "रोज ह्याच धरतात, सर," तो पुटपुटला.

त्याला एक शब्द नाही. मला म्हणाले, "आधी सांगता येत नाही? द्या ते पत्र. आणि यापुढे विचारल्याशिवाय मध्ये तोंड घालायचं नाही."

"हो सर. उपकार झाले."

राग होताच, तरी ते म्हणणं खोटं नव्हतं.