टाउनोचा ताप आणि इर्याची किडनी

ईसाल्मी गावचा बसचालक टाउनो रिस्सानेन एरवी शहाणा माणूस. पण सौनाची वाफ, दारू आणि डांबर यांनी बरा झाला नाही तर तो आजार मरणाचाच, ही आजोबांची म्हण त्याला डॉक्टरांच्या कागदापेक्षा खरी वाटायची. कागदावर ठळक लिहिलं होतं की ताप आला की लगेच फोन करा. तीन वर्षांपूर्वी थोरल्या बहिणीने, इर्याने, त्याला किडनी दिली होती. शरीराने ती किडनी परकी समजून हाकलू नये म्हणून रोज गोळ्या चालू होत्या. फेब्रुवारीत फ्लूने गाठलं, तर पठ्ठ्या फोन सोडून घरची सौना, म्हणजे वाफाऱ्याची खोली, तापवून वरच्या फळीवर जाऊन बसला! दारू मात्र टाळली, एवढी अक्कल शाबूत होती.

शनिवारी इर्या नेहमीप्रमाणे सौनाला आली. आधी ती आत बसून आली, मग तो गेला. तो बाहेर आला तो कुडकुडतच, ओटीपोटावर, नवी किडनी बसवली होती तिथे, हात दाबून. तिने तिथे बोट लावलं, तर कळवळला.

"किती दिवस झाले?"

"तीन."

"गाडीत बस. बूट वाटेत घाल."

बर्फातून कुओपिओ शहरापर्यंत तिने अशी गाडी हाणली की आयुष्यभर बस चालवलेल्या टाउनोने डोळे मिटून घेतले. इस्पितळात रक्तातलं क्रिएटिनिन, किडनी बिघडली की चढतं ते, निघालं तीनशे दहा. एरवी एकशे वीस असायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फ्लूशी लढायला शरीराची फौज खडबडून उठली आणि त्या धामधुमीत किडनीवरही तुटून पडली. शिरेतून जबर औषध सुरू झालं.

रविवारी आकडा आणखी चढला. इर्याच्या तोंडचं पाणी पळालं. सोमवारी दोनशे ऐंशी. मंगळवारी दोनशे दहा! बुधवारी एकशे साठ! लिफ्टमध्ये जन्मात कुणाशी न बोललेल्या इर्याने एका अनोळखी म्हाताऱ्याला तो आकडा सांगून टाकला. म्हाताऱ्यानेही टोपी काढून अभिनंदन केलं.

ती धावतच खोलीत आली, तर टाउनो भिंतीकडे तोंड करून पडलेला.

"फोन का नाही केलास रे?"

तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "तुला कळलं असतं. वाटलं, म्हणशील, एवढं दिलं तेही सांभाळता येत नाही याला."

इर्या पलंगाच्या कडेवर बसली. "दिली तेव्हाच ती तुझी झाली, मूर्खा. मला भाऊ हवा होता."