जामखेड रस्त्यावरचे लाल ठिपके

धाकट्या भावाने आण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, नवी गाडी घेऊन दिली. ही गाडी चुगलखोर आहे हे मात्र कुणी त्यांना नीट सांगितलं नव्हतं. काचेमागच्या कॅमेऱ्याने ती रस्त्यावरचे पांढरे पट्टे बघते, स्टिअरिंगवरचे हात सुटले की ओरडते, आणि वर हे सगळं पुण्यात बसलेल्या भावाच्या मोबाईलवर कळवते.

दोन-तीन महिन्यांत त्याचा फोन आला. "ताई, आण्णांचे हात सारखे सुटतायत. डुलकी लागत असेल, नाहीतर हातातला जोर गेला असेल. रविवारी येऊन मी किल्ली काढून घेतो."

आण्णा जामखेडजवळच्या आमच्या गावाहून आईला नगरला, माझ्या घराजवळच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे आणतात. ट्रॅक्टर, जीप, जे मिळेल ते त्यांनी आयुष्यभर चालवलंय. किल्ली काढून घेणं म्हणजे त्यांना ओट्यावर बसवणं, आणि ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांबद्दल ते काय बोलतात ते मी ऐकलेलं आहे. मला भावाचा राग आला. भीतीही वाटली, कारण शेजारच्या सीटवर आई असते.

नसत्या चौकशांची मला लहानपणापासून खोड. मी भावाकडून तो नकाशा मागवून घेतला. गाडी जिथे ओरडली तिथे लाल ठिपका. आधीच्या फेरीचा नकाशा काढला, त्याच्याही आधीचा काढला, आणि माझा चहा तसाच गार झाला. ठिपके प्रत्येक वेळी त्याच जागांवर होते. झोप काय अशी जागा बघून लागते?

शुक्रवारी मी एसटीने गावी गेले. शनिवारी आईला दवाखान्यात आणायचं होतं, तेव्हा मागच्या सीटवर जाऊन बसले.

पहिलं मारुतीचं देऊळ आलं. आण्णांनी स्टिअरिंग सोडलं, दोन्ही हात जोडले, मान खाली घातली आणि सावकाश काहीतरी पुटपुटले. गाडी पट्ट्याकडे सरकली आणि टिंगटिंग ओरडायला लागली. माझा जीव टांगणीला. आण्णांनी नमस्कार पुरा करूनच हात परत ठेवले.

"हिला लई घाई," ते म्हणाले. "देवाला राम राम तरी करू दे की."

पुढे खंडोबा, मग देवी, मग रस्त्याकडेचा दर्गा. आण्णांनी कुणालाच वगळलं नाही, आणि आपल्या रस्त्यांवर देवांची काही कमी नाही.

"आण्णा, आई बसलीय गाडीत! एका हाताने केलेला चालत नाही का देवाला?"

"एका हातानं सलाम ठोकत्यात. नमस्कार न्हाई."

"मी तवर डोळे मिटून घेते," आई म्हणाली. "माझापन नमस्कार हुतो."

हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात गाडी पुन्हा ओरडली. बाहेर बघितलं तर ना देऊळ ना दर्गा, एक बाभळ आणि दोन्हीकडे मोकळी रानं. आण्णांचे हात मात्र जोडलेले, आणि या वेळी जास्तच वेळ.

"इथे कुठला देव?"

आई म्हणाली, "कांद्याचा टेम्पो."

मग लख्ख आठवलं. गेल्या वर्षी आईच्या छातीत कळ आली आणि त्याच वेळी जुनी जीप रस्त्यात बंद पडली. आण्णा हात करत राहिले, गाड्या निघून जात राहिल्या. शेवटी कांद्याचा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरने गोण्या सरकवून आईला आडवं केलं, दवाखान्यात पोहोचवलं आणि नाव न सांगता गेला. गोष्ट मला पाठ होती. जागा माहीत नव्हती.

"त्याला शोधायचा कुठं?" आण्णा म्हणाले. "मग जागेलाच हात जोडतो."

"हात सुटतात म्हणून उद्या धाकटा किल्ली घेऊन गेला तर इथे कसे याल?" मी विचारलं. दवाखाना झाल्यावर दोघं माझ्याकडेच राहिले. रात्री आण्णा जेवले नाहीत.

रविवारी भाऊ माझ्याकडे आला आणि त्याने आल्या आल्या किल्ली खिशात टाकली. ही गाडी किल्ली आत असली की बटणावर चालते. मी म्हटलं, गावापर्यंत त्यांना चालवू दे, मग काय ते ठरव. तो कुरकुरत पुढे बसला, आम्ही दोघी मागे.

नगरबाहेरचं पहिलं देऊळ आलं. आण्णांनी उजवा हात छातीला लावला, डावा स्टिअरिंगवर. पुढच्या दोन्ही देवळांपाशी तसंच. गाडी एकदाही ओरडली नाही. बाभळीपाशी त्यांनी इंडिकेटर देऊन गाडी कडेला घेतली, उतरले आणि रस्त्याकडे तोंड करून हात जोडून उभे राहिले. भावाने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी त्याला सांगितलं, कांद्याचा टेम्पो इथेच थांबला होता, आणि ते लाल ठिपके म्हणजे आण्णांचे नमस्कार.

तेवढ्यात मागून आलेला एक पिकअप करकचून थांबला. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "काय झालं बाबा? बंद पडली का गाडी?"

"न्हाई न्हाई, समदं ठीक हाय. जा तू."

आण्णा आत येऊन बसले. डोळे पुसले.

"बघितलं?" ते म्हणाले. "आजून थांबत्यात."

भावाने खिशातून किल्ली काढली आणि त्यांच्या हातात दिली.