बाल्कनीची भिंत

आजीच्या डायरीत: मार्च १४, गुरुवार. सकाळी ढगाळ, नंतर ऊन. मोलकरीण आली नाही. नात काही न खाता कॉलेजला गेली. आज तिच्या गेमची परीक्षा. पाणी दुपारी बंद होते.

नात कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला, आणि त्यातही गेम तयार करण्याच्या विषयाला. वर्गात तिला 'म्यूट' म्हणत. ते नाव ठेवलं कॅप्टनने. कॅप्टन म्हणजे तिचा जोडीदार; कुठल्याही गटात पहिल्या मिनिटाला पुढारी होणारा, म्हणून कॅप्टन.

दोघांचा गेम होता बंद पडलेल्या थिएटरचा. एक रखवालदारीण बॅटरी घेऊन मजल्यामजल्यावर दिवे लावत जाते. कल्पना नातीची, नकाशा नातीचा, दिवे आणि भिंती नातीच्या. पण तिचा कॉम्प्युटर जुना, धापा टाकणारा. म्हणून वर्षभर ती लॅबमध्ये कॅप्टनच्या लॅपटॉपवर, त्याच्याच खात्यातून काम करत राहिली. तिथेच ती फसली. गेम जमा करताना त्याने पहिल्याच पडद्यावर लिहिलं, 'संकल्पना, आराखडा, बांधणी : कॅप्टन.' खाली बारीक अक्षरांत, 'आवाज : म्यूट.'

ती मॅडमकडे गेली. मॅडम म्हणाल्या, "सगळं काम त्याच्या खात्यात दिसतंय. मी कशावरून मानू?"

कॅप्टन जिन्यात भेटला. "एवढं काय मनाला लावून घेतेस? कॉलेजच्या प्रदर्शनाला कंपन्यांचे लोक येतात. तिथे बोलणारा माणूस लागतो. तुला बोलता येतं का?"

नात जिना उतरून गेली. त्या दिवसापासून त्याची सगळ्यांसमोर फजिती व्हायला हवी, यापलीकडे तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

गेममध्ये दिसणारी भिंत वेगळी आणि अडवणारी भिंत वेगळी. दिसते ती नुसती रंगवलेली. तिच्यामागे न दिसणारी चौकट बसवावी लागते, नाहीतर माणूस आरपार जातो. बाल्कनीच्या डाव्या भिंतीला ती चौकट बसवायची राहिली होती. कॅप्टनला ते सांगूनही झालं होतं, पण त्याच्या डोक्यात ते कधीच शिरलं नव्हतं. नातीने पुन्हा सांगितलं नाही.

परीक्षेचा मॅडमचा नियम एकच: दुसरं कोणी गेम खेळत असताना बनवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. "विकत घेणाऱ्याच्या घरी समजवायला जाणार आहात का?" असं त्या दरवेळी विचारत.

"कोण खेळतंय?" परीक्षेच्या दिवशी मॅडमनी विचारलं.

नातीने हात वर केला. "मी खेळते. मी फक्त आवाज केलेत मॅडम. बाकीचा गेम मला कुठे माहितीये?"

वर्ग हसला. कॅप्टनच्या चेहऱ्यावरचा रंग जरा उतरला, पण नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? तसं लिहिलं तर त्यानेच होतं.

नातीने रखवालदारणीला मुद्दाम अडखळत, ठेचकाळत वर नेलं. बाल्कनीत आली, डावीकडे वळली आणि सरळ भिंतीत शिरली. रखवालदारीण थिएटरच्या बाहेर, राखाडी पोकळीत, बॅटरीसकट खाली खाली जाऊ लागली. मागच्या बाकांवरून कोणीतरी ओरडलं, "अरे, मावशींना पकडा!"

कॅप्टनला राहवलं नाही. "मॅडम, भिंती हिने केल्यात! बाल्कनी अर्धवट ठेवलीये हिनेच! माझा काय संबंध?"

हशा एकदम थांबला. मॅडमनी पहिला पडदा पुन्हा लावला. "बांधणी, कॅप्टन. असं तूच लिहिलंयस ना?"



"भिंती माझ्या आहेत," नात म्हणाली. "ही फुटकीसुद्धा."

मग मॅडमनी दोघांना दिव्यांबद्दल विचारलं, जिन्यांबद्दल विचारलं. तो चाचरत राहिला, ती सांगत गेली. शेवटी मॅडम म्हणाल्या, "गेमवर नाव तुझं लागेल. पण प्रदर्शनाला हा गेम जाणार नाही. भिंत उघडी आहे हे ठाऊक असून तू गप्प बसलीस."

"हो मॅडम."

"वर्षाची मेहनत गेली. वाईट नाही वाटत?"

नातीने कॅप्टनकडे नीट बघून घेतलं. "वाटेल नंतर," ती म्हणाली.

घरी येऊन तिने आजीला सगळं सांगितलं. आजी नन्सच्या शाळेत शिकलेली. आता क्षमेवर काहीतरी ऐकावं लागणार म्हणून नात तयारीतच होती.

"आम्हाला दुसरा गाल पुढे करायला शिकवायचे," आजी म्हणाली. "आयुष्यभर करून बघितलं गं. दोन्ही गाल सुजतात, बाकी काही होत नाही. त्याचं तोंड कसं झालं होतं, ते परत सांग."

नातीने सांगितलं. आजीने तिसऱ्यांदाही ऐकलं असतं, पण तेवढ्यात फोन वाजला. कॅप्टन होता.

"हे बघ, रागात तोंडातून गेलं. आपण भिंत दुरुस्त करू, दोघं मॅडमकडे जाऊ. दोघांचं नाव लावू. ऐकतेस ना?"

"ऐकतेय. तू काय काय केलं होतंस ते सांग. तेवढ्याला तुझं नाव लावते."

पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. नातीने घाई केली नाही. मग "बरं" म्हणून तिने फोन ठेवला आणि जेवायला ताटं घेतली.

आजीने त्या संध्याकाळी डायरीत आणखी एवढंच लिहिलं: बैठकीचे पडदे धुतले. एकाची शिवण उसवली आहे.