पाणी बंद राहील

पहिल्या नोकरीसाठी मी अर्ज केला तो मोबाईलवर बातम्या दाखवणाऱ्या एका मराठी चॅनेलकडे. ऑफिस परळला, जुन्या गिरणीच्या आवारातल्या नव्या इमारतीत. आमची चाळ लालबागला, त्यामुळे चालतच गेले. पत्रकारितेचा कोर्स नुकताच संपला होता आणि मला बातम्या वाचायच्या होत्या.

संपादक बाई चाळिशीच्या असाव्यात. त्यांनी मला कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि एक कागद दिला.

"एकदा नजर टाक आणि वाच."

नजर टाकण्याइतका धीर धरवला नाही, थेट वाचायलाच लागले. दुसऱ्याच बातमीत आलं की जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे उद्या सकाळपासून परळ, लालबाग, शिवडी भागात पाणी बंद राहील. मी थांबले.

"काय झालं?"

"मॅडम, हा आमचा एरिया आहे. घरी एक फोन करू?"

त्यांनी कॅमेरामनकडे पाहिलं. "कर."

आईने लगेच उचलला. उद्या पाणी नाही, एवढंच मी सांगितलं. "बरा केलंस गो सांगलंस," ती म्हणाली. "काकींक पण सांगतंय." फोन बंद.

पुन्हा खुर्चीत बसले, तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "हा कागद मागच्या वर्षीचा आहे. टेस्टला सगळ्यांना हाच देतो."

मी परत फोन लावला. एंगेज. नंतरही एंगेजच. आई मजल्यावर सगळ्यांना कळवत असणार.

कॅमेरामन हसत होता, बाई हसल्या नाहीत. उरलेला कागद मी वाचून काढला. मग त्यांनी मला नुसता 'पाणी' हा शब्द म्हणायला लावला. मी म्हटलं.

"तू 'पानी' म्हणतेस."

आमच्या चाळीत बरेच जण तसंच म्हणतात. मी आणखी तीनचार वेळा प्रयत्न केला. एकदाच नीट आलं.

निघताना त्या म्हणाल्या, "सकाळपासून इतके जण वाचून गेले, कुणी तारीख विचारली नाही. तूही नाहीस."

मी मान हलवली. रस्त्यावर आल्यावर वाटलं, हे गेलं हातातून.

घरी पिंपं, बादल्या, कळश्या, पातेलीसुद्धा काठोकाठ भरलेली. खरं काय ते मी सांगितलं. आई म्हणाली, "भरलेला पाणी वाया कित्याक घालवचा?" दुसऱ्या दिवशी आमच्या मजल्याच्या कठड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गोधड्या वाळत होत्या. शेजारच्या काकी मला रागावल्या नाहीत, पण त्यांच्या मुलाने आठवडाभर "उद्या पाणी आहे ना गं?" विचारून पिडलं.

पुढच्या आठवड्यात मेल आला. वाचायला नव्हे, डेस्कवर. बातम्या लिहायच्या, सकाळची शिफ्ट, आधी तीन महिने बघू. मला थोडं वाईट वाटलं. तरी त्याच दुपारी होकार कळवला.

आईने विचारलं, "मोबाईलवर दिसतलंस मां?"

"नाही. दुसरे दिसतील, मी त्यांना लिहून देणार."

"मगे नवी साडी नको," ती म्हणाली आणि भात बघायला उठली.