पायाळूचा पाय

तुम्हाला माहीतच आहे, मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. पायाळू माणसाने कमरेला पाय लावला की उसण जाते म्हणतात, म्हणून लहानपणापासून गल्लीतले तुम्ही सगळे माझ्याकडे येता.

शेजारच्या पद्माक्का दिवसभर मशीनवर वाकून युनिफॉर्म शिवतात. दोन महिन्यांत मी त्यांना चारदा पाय लावला. आज सकाळी परत आल्या. "लई दुखतंय की गं, लाव जरा पाय."

पाय उचलताना दाराकडे लक्ष गेलं. तिथे त्यांची एकच चप्पल होती.

"दुसरी कुठंय, अक्का?"

"वाटंत निसटली असंल. त्या पायाला आताशा काय कळतच न्हाय."

तशीच रिक्षा करून त्यांना दवाखान्यात नेलं. मणक्यात नस दबली असावी, लगेच एमआरआय करा, असं डॉक्टर म्हणाले. "इतके दिवस काय करत होता?"

अक्कांनी कौतुकाने माझ्याकडे बोट दाखवलं. "ही हाय की."

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाहीये. ज्यांना ज्यांना मी पाय लावला, त्यांनी खरं सांगा. दुखणं गेलं होतं, की मला वाईट वाटू नये म्हणून गेलं म्हणालात?