चौकशीच्या खिडकीवरची शांतता

घरात तिला सगळे टकळी म्हणत. दीड वर्षाची असताना तिच्या तोंडाचा पट्टा जो सुरू झाला, तो ताप आला तरी थांबला नाही. त्यामुळे बारावीनंतर तिनं संवादशास्त्राला नाव घातलं, तेव्हा काकानं कोपरापासून हात जोडले. "म्हणजे माशाला पोहण्याचा क्लास लावला म्हणायचं!"

आईला हसू आलं नाही. मुलगी इंजिनिअर झाली तर ती काय करते ते चारचौघांत सांगता येतं. संवाद शिकून माणूस करतो काय? विचारलं तर टकळी म्हणाली, "तेच बघायला चाललेय."

बी.ए.च्या पहिल्या वर्षी रेडिओ, वर्तमानपत्र, कॅमेरा असं काहीबाही होतं. पोरगी बातम्या देणार, अशी आईनं मनाची समजूत घातली. दुसऱ्या वर्षी ती मोडली. टकळी दोन दिवस एका इमारतीच्या लिफ्टमधून वरखाली करत होती. अनोळखी माणसं आत शिरल्यावर कुठं बघतात, ते टिपून आणायचं होतं. तिसऱ्या वर्षी तर तिनं घरच्याच जेवणाच्या टेबलावर कोण कुणाचं बोलणं तोडतं याचा तक्ता केला. बाबांचा पहिला नंबर आला. ते आठवडाभर खाली मान घालून जेवले.

या सगळ्यात पोरगी कमी बोलायला लागली, हे आईच्या उशिरा लक्षात आलं. तिनं काळजीनं विचारलं, "काही झालंय का गं?"

"काही नाही. तू बोल ना, मी ऐकतेय."

एम.ए.ला तिनं प्रबंधासाठी एका मोठ्या इस्पितळातली चौकशीची खिडकी निवडली. सकाळी तिथं एक तरतरीत बाई बसत, दुपारी निवृत्तीला आलेले एक गृहस्थ. लोकांची परवानगी घेऊन टकळीनं चाळीस संभाषणं रेकॉर्ड केली. ती कागदावर उतरवायची, त्यांतून काय दिसतं ते लिहायचं आणि शुक्रवारी चारच्या आत विभागात द्यायचं. नाहीतर सहा महिने थांबा.

सोमवारी बारा संभाषणं राहिली होती आणि शेवटचं प्रकरण कोरं होतं. टकळीच्या नाकी नऊ आले होते. आई म्हणाली, "दे इकडे. टायपिंगची परीक्षा पास झालेय मी, विसरलीस का?"

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाराच्या बारा संभाषणं टाइप होऊन तयार. आईनं मन लावून काम केलं होतं. लोकांचे 'अं' आणि 'म्हणजे' काढून टाकले, अर्धवट वाक्यं पुरी केली, चुकलेलं व्याकरण सुधारलं.

टकळीनं पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मग खालीच बसली. "आई, असं कोणी बोललंच नाहीये."

"अगं, तेच तर बोललेत. मी फक्त नीटनेटकं केलं."

"मला ते नीटनेटकं नसलेलंच हवंय. कोण कुठं अडखळलं, कोण किती वेळ गप्प राहिलं, तेच तर शिकतेय मी पाच वर्षं!"

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. पोरीचे सहा महिने आपल्या हातानं बुडणार, या विचारानं आईला पाणी गोड लागेना. पण ती उठली नाही. "शिकव मला. काय काय लिहायचं?"

जे ऐकू येतं ते, जसंच्या तसं. आणि शांतता असेल तर घड्याळ लावून ती किती सेकंदांची, तेही. मिनिटभराच्या बोलण्याला तासभर लागत होता. सुरुवातीला आईला वैताग आला, पण नंतर इअरफोन काढवेना. त्याच बारा संभाषणांत तिला आता माणसं ऐकू येत होती.

बुधवारी सकाळी तिनं हाक मारली. "टकळे, पळत ये!"

रेकॉर्डिंगमध्ये एक बाई लिफ्ट कुठं आहे विचारत होती. गृहस्थांनी सांगितलं. मग शांतता. आईच्या कागदावर लिहिलं होतं, दोन पूर्णांक सहा सेकंद. आणि मग तीच बाई हळूच म्हणाली, "आणि ना... आत पेशंटजवळ बसून रडलं तर चालतं का हो?"

"ही लिफ्टसाठी आलीच नव्हती," आई म्हणाली. "सकाळच्या बाई बघ, अर्ध्या सेकंदात 'पुढचे या' म्हणतात. तिथं कुणी दुसरं काही विचारतच नाही."

टकळीनं आपले कागद उपसले. दुपारच्या संभाषणांत असा मागून आलेला प्रश्न चौदा वेळा होता. सकाळच्यांत एकदा. तिनं बसल्या बैठकीला प्रकरण लिहून काढलं : दुपारचे गृहस्थ माणसं ओळखून, मुद्दाम वेळ देतात.

गुरुवारी विभागात टकळीच्या मार्गदर्शक बाईंनी त्या वाक्याला लाल वर्तुळ काढलं. "मुद्दाम? त्यांना विचारलंस?"

विचारलं नव्हतं. दुपारी टकळी इस्पितळात निघाली, तशी आईही चपला घालून मागं. गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मुद्दाम कसलं? अहो, प्रत्येक चौकशी रजिस्टरात लिहावी लागते. सकाळच्या बाई घरी जाताना एकदम भरतात. मला नंतर आठवत नाही, म्हणून तेव्हाच लिहितो. हात सावकाश चालतो. लिहून होईपर्यंत मान वर करत नाही."

"आणि लोक दुसरा प्रश्न विचारतात तो?"

"विचारतात की! एका प्रश्नासाठी कोण एवढं लांब येतं?"

आईनं पोरीकडं चोरून पाहिलं. केलेलं सगळं पाण्यात गेलं, आता रडते की काय! टकळीचे डोळे मात्र लकाकत होते. "चांगुलपणा नाही आई, रजिस्टर! विचारणारा तोच, मनातला प्रश्न तोच, नुसतं समोरचा खाली बघत होता म्हणून तो बाहेर आला!"

प्रकरण पुन्हा लिहिलं गेलं. शुक्रवारी तीन चाळीसला प्रबंध टेबलावर पडला, पावतीवर शिक्का बसला आणि आईचा जीव भांड्यात पडला. मार्गदर्शक बाईंनी उभ्यानंच शेवटचं पान वाचलं. "बरं, सकाळच्या बाईंना रजिस्टर तिथल्या तिथं भरायला लावलं, तर त्यांच्याकडंही असे प्रश्न येतील?"

टकळीनं मान हलवली. "माहीत नाही, मॅडम."

"माहीत करून घ्यायचं तर पीएच.डी. करावी लागेल. तीन वर्षं, कदाचित चार."

अजून चार वर्षं! पोरीचं वय, लग्न, नोकरी, सगळं आईच्या ओठांवर आलं होतं. पण तिच्या तोंडून निघालं भलतंच.

"नुसतं रजिस्टर भरून भागेल का हो मॅडम? त्या बाईंना खाली बघायलाही लावायला हवं ना?"